होर्डिंगवरून मालिकेत : वाचक विचारतात, ताई सांगते

गेल्या अंकात मी चारच ओळी लिहिल्या होत्या, की मॉडेलिंगमधून आलेली मुलगी मालिकेत एका रात्रीत स्टार झाली असं आपण म्हणतो पण ती रात्र बरीच मोठी असते. त्यावर म्हापसा, फोंडा, सांखळी, काणकोण कुठून कुठून पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर तर विचारू नका. नवीन वाचकांसाठी सांगते, मी बारा वर्षं मुंबईत मराठी मालिकांच्या सेटवर होते, आधी असिस्टंट मग असोसिएट डायरेक्टर, आता फोंड्याला घरी असते. म्हणून जे बघितलंय तेच सांगणार.

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांची आहे. एका दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात केली, पर्वरीला हायवेवर माझं होर्डिंग होतं, दोन फॅशन शो आणि बरेच इव्हेंट केलेत. सगळे म्हणतात चेहरा आहे, मालिकेत सहज घेतील. स्मृती इराणीपण मॉडेलच होती ना? मग मला तीन ऑडिशनमध्ये का नाही घेतलं? — म्हापसा

बाय, पहिलं म्हणजे तीन ऑडिशन म्हणजे काहीच नाही, तीस झाल्या की परत पत्र लिही. आता स्मृती इराणीचं. ती 1998च्या मिस इंडिया स्पर्धेत होती हे खरं, पण जिंकली नव्हती. मुंबईत टिकायला मॅकडोनाल्ड्समध्ये नोकरी केली, हे तिने स्वतः कितीदा सांगितलंय. मग 3 जुलै 2000 ला स्टार प्लसवर रात्री साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झालं, त्यात ती तुलसी नावाची सून झाली, त्याच रात्री त्याच चॅनलवर अमिताभचं केबीसीपण सुरू झालं आणि आख्खा देश टीव्हीसमोर बसायला लागला. मालिका नोव्हेंबर 2008 पर्यंत चालली, 1800 च्या वर भाग झाले. हे सगळ्यांना माहीत असतं, पण मला जी गोष्ट मोठी वाटते ती कोणी बोलत नाही. मालिकेची गोष्ट मधेच वीस वर्षं पुढे नेली आणि विशीतल्या त्या मुलीला मोठमोठ्या मुलांची आई व्हायला लागलं, तिच्याहून वयाने फार लहान नसलेली माणसं तिला माँ म्हणायला लागली. मॉडेल म्हणून आलेली मुलगी केसात पांढरा रंग लावून घ्यायला तयार होते आणि तिथे खुर्चीत बसल्यावर पाठीचा बाकसुद्धा बदलते, ही तुलसी. मिस इंडियाचा सॅश तिथे काही कामाचा नव्हता.

आता तुझं. होर्डिंगच्या शूटला काय झालं ते आठव. दोनतीन तास मेकअप, शंभर-दोनशे फोटो काढले आणि त्यातला एक निवडला. म्हणजे एकशे नव्व्याण्णव वेळा तू चुकलीस तरी चालत होतं. मालिकेत उलटं असतं, दिवसाला जवळजवळ एक आख्खा भाग शूट करायचा असतो, वीसबावीस मिनिटांचा, सीन कधीकधी सकाळी सेटवर हातात येतो, शाई ओली असते म्हणतात तसं, आणि तुला मेकअप करता करता पाठ करायचा असतो. तिथे दोनशेतला एक चालत नाही, तीनातला एक पाहिजे.

मॉडेलिंगचा फायदा नाही असं मी मुळीच म्हणत नाहीये. लाइट कुठून येतोय हे तुम्हा मुलींना न सांगता कळतं, मार्कवर पाय बरोबर पडतो, दिवसात सहा साड्या बदल म्हटलं तरी कुरकुर नाही, कॅमेरा समोर आला म्हणून हात गार पडत नाहीत. नाटकातून आलेल्यांना हे शिकवायला आमचे आठवडे जायचे. पण एक सवय तुम्हाला फार जड जाते. समोरचा बोलत असतो तेव्हा तुम्ही ऐकत नाही, तुम्ही दिसत असता. हनुवटी किंचित डावीकडे, मान लांब, डोळ्यात चमक, म्हणजे फोटोत जे छान दिसतं ते. आणि मालिका तर रिअॅक्शनवर चालते, सासूचं वाक्य संपलं की कॅमेरा सुनेवर जातो, तिने ते वाक्य ऐकलंय का हे फोंड्यातल्या माझ्या आईलासुद्धा घरी बसून कळतं.

मला एक मुलगी आठवते, नाव सांगत नाही, मोठमोठ्या ब्रँडसाठी रॅम्पवर चाललेली. पहिल्या दिवशी “आई, चहा ठेवू का” एवढंच वाक्य आणि चौदा टेक झाले, कारण प्रत्येक वेळी आईकडे बघायच्या आधी ती नकळत चेहऱ्याची चांगली बाजू कॅमेऱ्याला द्यायची. सीनिअर बाई आईच्या भूमिकेत होत्या, त्यांनी पंधराव्या टेकच्या आधी काय केलं तर खरंच रिकामा कप तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या मला खरंच चहा हवाय गं. तो टेक ओके झाला. चौथ्या महिन्यात त्याच मुलीने बाबा जातात तो सीन ग्लिसरीन न लावता केला, सेटवर लाइटवाले दादा पण शांत उभे होते, आणि त्या आठवड्यात टीआरपी वर गेला. लोकांनी म्हटलं एका रात्रीत स्टार झाली. त्या चार महिन्यांत ती रोज रात्री पॅकअप झाल्यावर गाडीत दुसऱ्या दिवशीच्या सीनचं समोरच्याचं वाक्य पाठ करायची, स्वतःचं नाही, समोरच्याचं. हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते.

आणि भाषा. आपल्या गोव्यातल्या मुली इथे अडकतात आणि त्यांना कोणी सांगत नाही. कोकणीत लहान मुलीला, तरुण मुलीला आपण “तें” म्हणतो, तें चेडूं आयलें, आणि त्या सवयीने ऑडिशनला एक मुलगी कॅमेऱ्यासमोर “मी आत्ताच आलं” म्हणून गेली, खोलीतले हसले आणि ती पुढचं सगळं विसरली. हसणाऱ्यांचा मला आजही राग आहे. तुझा कोकणी हेल ही काही लाजायची गोष्ट नाही, पण पुण्यातल्या घरातली सून करायची तर तो बाजूला ठेवता आला पाहिजे आणि हवा तेव्हा परत काढता आला पाहिजे. रोज अर्धा तास मराठी पेपर मोठ्याने वाच, फोनवर रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी ऐक. कंटाळा येतो, पण एका महिन्यात फरक कळतो.

सेल्फ टेप, म्हणजे घरी स्वतःच रेकॉर्ड केलेली ऑडिशन, पाठवताना फोन आडवा धर, मागे साधी भिंत, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर, मेकअप जवळजवळ नको. नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, आणि मग सीन. तू मला पाठवलेल्या टेपमध्ये मागे गाणं वाजतंय आणि फिल्टर लावलाय, तो पहिल्यांदा काढ. कास्टिंगवाल्याला तुझी त्वचा बघायची असते, अॅपची नाही.

प्रश्न : माझा रंग सावळा आहे. मॉडेलिंगमध्ये मला त्याचा फायदा झाला, डिझायनर लोक कौतुक करतात. पण मालिकेसाठी एका को-ऑर्डिनेटरने तोंडावर सांगितलं की हिरॉइनची मैत्रीण मिळेल, हिरॉइन नाही. हे असंच असतं का? — काणकोण

असंच होतं, आणि अजून पूर्ण बदललेलं नाही, खोटं कशाला सांगू. रॅम्पवर सावळ्या मुलींना जागा मिळाली, आपल्या कोलवाळच्या डिझायनर वेंडेल रॉड्रिक्ससारख्या माणसांनी गोव्याचा उजेड, गोव्याचा साधेपणा घेऊन कपडे केले आणि त्या कपड्यांत उन्हात रापलेली त्वचा सुंदरच दिसायची. टीव्ही मात्र मागे राहिला. 2019 मध्ये स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ आली, नायिकेच्या सावळ्या रंगावरचीच गोष्ट, आणि त्यात रेश्मा शिंदेला मेकअपने सावळं केलं. रेश्माने काम मनापासून केलं, लोकांनी तिला भरभरून प्रेम दिलं, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ती मालिका बघताना मला दर वेळी वाटायचं की ह्या भूमिकेसाठी काणकोणची, सत्तरीची, सावंतवाडीची एखादी मुलगी ऑडिशनच्या लाइनीत उभी असेलच ना.

तुला एवढंच सांगते, मैत्रिणीची भूमिका मिळाली तर घे पण एका अटीवर, तिला नाव पाहिजे, घर पाहिजे, स्वतःचे सीन पाहिजेत. नुसती नायिकेच्या मागे ट्रे घेऊन उभी राहणारी मैत्रीण असेल तर नाही म्हण. आणि स्किन लाइटनिंगची कुठलीही ट्रीटमेंट करून घेऊ नकोस, कोणीही सांगितलं तरी.

प्रश्न : मी गेली चाळीस वर्षं आमच्या देवळाच्या जत्रेला नाटक बसवतो. कला अकादमीच्या स्पर्धेतही कामं केली. आमच्याकडे एकाहून एक कलाकार आहेत. मग चॅनलवाले रॅम्पवरच्या पोरींना का घेतात, ज्यांना धड वाक्य टाकता येत नाही? — सांखळी

काका, तुमचा राग समजतो, आणि तुमच्यासारख्या माणसांनी गोव्यात मराठी रंगभूमी जिवंत ठेवली म्हणून आमच्यासारख्या मुली मुंबईला जाऊ शकल्या. पहाटे तीनपर्यंत चालणारं नाटक, समोर आख्खा गाव, पडद्यामागे प्रॉम्प्टर, ही शाळाच आहे. तुम्हाला गंमत वाटेल, मालिकेच्या सेटवरपण प्रॉम्प्टिंग चालतं, मी स्वतः कॅमेऱ्याच्या खाली बसून शेकडो सीन प्रॉम्प्ट केलेत आणि ते मी गावच्या नाटकातच शिकले होते.

चॅनल रॅम्पवरच्या मुलीला का घेतं त्याचं कारण प्रोमो. मालिका सुरू व्हायच्या आधी तीनचार आठवडे तीस सेकंदांची झलक दाखवतात, तेवढ्यात बघणाऱ्याचा रिमोट थांबला पाहिजे. लूक टेस्टला चार मुली बसवतात, त्यात कॅमेऱ्याची सवय असलेली पहिल्या फटक्यात चांगली दिसते. अभिनय नंतर करून घेऊ असं म्हणतात. कधी होतो, कधी होत नाही, आणि नाही झाला की सगळा भार आजूबाजूच्या नाटकवाल्या कलाकारांवर पडतो, ज्यांचे पैसे तिच्यापेक्षा कमी असतात. हे मला कधीच पटलं नाही आणि मी ते सेटवरही बोलून दाखवलंय.

पण काका, आपल्या माणसांची एक अडचण मीपण सांगते. माटवाच्या, म्हणजे मांडवाच्या, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते, आणि इथे माईक छातीवर लावलेला असतो. भुवई एवढीशी उचलली तरी क्लोजअपमध्ये ती डोंगराएवढी दिसते. जो हे कमी करायला शिकतो तो तीस तीस वर्षं टिकतो. आपल्या वर्षा उसगांवकर घ्या ना, प्रशांत दामलेंबरोबर ‘ब्रह्मचारी’ नाटक केलं, मग 1987 पासून मराठी सिनेमे, मग टीव्हीवर ‘महाभारत’मधली उत्तरा, ‘चंद्रकांता’मधली रूपमती, आणि 2020 मध्ये परत स्टार प्रवाहच्या मालिकेत कोल्हापूरच्या घरातल्या माई. सुंदर तर त्या होत्याच, पण नुसत्या सुंदर असत्या तर मधल्या वर्षांत कुठल्या कुठे विसरलो असतो आपण. दुसरं उदाहरण तर आपल्या दारातलं, 2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सावंतवाडीजवळ आकेरीला शूट झाली, मालवणी बोलणारे स्थानिक कलाकार घेतले आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. तसं काही डिचोली-सत्तरीत व्हावं ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे. तुमच्या नाटकातल्या मुलींचे व्हिडिओ मला पाठवा, खरंच पाठवा.

प्रश्न : गोव्यात राहूनच मालिकेत काम करता येणार नाही का? 2021 मध्ये तर सगळ्या मालिका इकडे आल्या होत्या. — मडगाव

आल्या होत्या, मी त्यातल्याच एका युनिटबरोबर होते. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात कोविडमुळे शूटिंग बंद केलं, मालिका थांबवता येत नाही कारण भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, फार तर आठ-दहा दिवसांची असते, म्हणून कोणी गोव्याला आलं, कोणी सिल्वासाला, कोणी हैदराबादला. रिसॉर्टच्या खोल्यांचे दिवाणखाने केले. मग मे महिन्यात इथेच केसेस भयंकर वाढल्या आणि गोवा मनोरंजन संस्थेने परवानग्या रद्द केल्या, आम्ही दोन दिवसांत सामान बांधलं. तेव्हा इथल्या काही मुलामुलींना छोटी कामं मिळाली, पण ती तेवढ्यापुरतीच. सध्या तरी रोजच्या मालिकेची मुख्य भूमिका करायची तर गोरेगाव, मढ, घोडबंदर रोड नाहीतर कोल्हापूर-सातारा अशा ठिकाणी राहावं लागतं. महिन्यातले बावीस-पंचवीस दिवस सेटवर असतात, मोपाहून विमानाने ये-जा करून ते होत नाही.

प्रश्न : मला एका कास्टिंग एजन्सीकडून फोन आला, हिंदी मालिकेत सेकंड लीड फायनल झालंय, रजिस्ट्रेशन आणि आर्टिस्ट कार्डासाठी 25,000 भरा म्हणतात. भरू का? — वास्को

नाही. एक रुपयाही नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. ऑडिशन न घेता कोणी फायनल करत नाही. नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट ठेव आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दे, पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन कर.

प्रश्न : मालिका सोडली तर लोक विसरतात का? आणि नट्या मधेच का बदलतात? — कुडचडे

प्रसिद्धी मुलीची असते त्यापेक्षा जास्त भूमिकेची असते. 2007 मध्ये स्मृती इराणीने मालिका सोडली तेव्हा तुलसी थांबली नाही, आपली मराठी मुलगी गौतमी गाडगीळ-कपूर तुलसी झाली, तीपण मॉडेलिंग करून आलेली आणि चांगली अभिनेत्री. पण लोकांच्या डोळ्यांत पहिला चेहरा इतका बसलेला की शेवटी 2008 मध्ये स्मृतीच परत आली, आणि 2025 च्या जुलैमध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हाही तुलसी तीच. दुसऱ्याच्या साडीत उभं राहणं किती कठीण ते मला गौतमीकडे बघून वाटायचं. बदलण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, आजारपण, बाळंतपण, तारखा, पैशावरून बिनसलेलं. बातम्यांत येतात तितकी भांडणं नसतात.

प्रश्न : माझी मुलगी मॉडेलिंग करायची, आता तिला एका मराठी मालिकेत नायिकेच्या बहिणीची भूमिका लॉक झाली आहे. तिचे बाबा पंधरा दिवस तिच्याशी बोलत नाहीत. मला आनंद होतोय आणि भीतीपण वाटते. पैसे किती, राहायचं कुठे, कॉन्ट्रॅक्टवर सही करू का, काही कळत नाही. — एक आई, फोंडा

ताई, अभिनंदन! तुम्ही माझ्याच गावच्या, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

आधी पैशाचं सांगते कारण त्यानेच मुली कोलमडतात. मालिकेत पैसे पर डे असतात, शिफ्ट बारा तासांची, जितके दिवस सेटवर बोलावलं तितक्यांचे. नायिकेच्या बहिणीला महिन्यात पंधरा दिवसही काम असू शकतं आणि गोष्टीचा ट्रॅक दुसरीकडे गेला तर पाचच. कॉन्ट्रॅक्टमध्ये महिन्याला किमान किती दिवस धरलेत ते लिहून घ्या. पैसे हातात येतात साधारण 90 दिवसांनी, दहा टक्के टीडीएस कापून. म्हणजे जूनमध्ये काम केलं तर सप्टेंबरमध्ये. तोपर्यंत भाडं, डिपॉझिट, रिक्षा, जेवण सगळं घरून. मला स्वतःला एका निर्मात्याने सात महिने थांबवलं होतं, नुकतंच लग्न झालेलं आणि मी नवऱ्याकडे रिक्षाचे पैसे मागत होते, ते दिवस मी विसरले नाही. म्हणून निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय तिला पाठवू नका.

कॉन्ट्रॅक्ट घरी आणून वकिलाकडून वाचून घ्या, सेटवर घाईत सही नको. तीन गोष्टी बघा : दुसरीकडे काम करायला किती बंदी आहे, जाहिराती आणि रॅम्प शो चालतात का, कारण तिचे मॉडेलिंगचे पैसे तेच आहेत, आणि सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस. केस कापायला, रंगवायलासुद्धा परवानगी लागते, कंटिन्यूटीसाठी, म्हणजे सगळ्या सीनमध्ये ती सारखीच दिसावी म्हणून, हे तिला आधीच माहीत असू दे. दहा आणि त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, 2013 चा कायदा आहे, ती कोण आहे ते पहिल्या आठवड्यात विचारायचं, लाजायचं नाही. रात्री उशिरा पॅकअप झालं तर घरी सोडायची गाडी कोणाची, तेही लिहून.

राहायला सेटच्या जवळ बघा, सेट ठाण्यात असेल तर अंधेरीत नको, रोजचे चार तास रस्त्यात जातात आणि झोप मेली की चेहरा पहिल्यांदा मरतो.

तिच्या बाबांचं. ते गप्प आहेत म्हणजे विरोध आहे असं मला नाही वाटत, घाबरलेत. माझे बाबापण असेच तीन आठवडे गप्प होते. मग आईने काय केलं, भांडली नाही, त्यांना सरळ म्हणाली तुम्हीच तिला सोडून या. कोकण कन्याने आम्ही दोघं गेलो, रात्रभर ते एक शब्द बोलले नाहीत, दादरला उतरल्यावर माझी बॅग हमालाला द्यायला तयार नव्हते. मग त्यांनी खोली बघितली, दाराची कडी दोनदा लावून बघितली, घरमालकीणबाईंशी बोलले, सेटच्या गेटपर्यंत आले आणि वॉचमनला आमच्या शेतातल्या आंब्यांची पिशवी देऊन गेले. त्या वॉचमन काकांनी पुढे बारा वर्षं मला रात्री रिक्षात बसवून नंबर लिहून घेतला.

तर तिकीट दोघांचं काढा, तुमचं नाही, तिचं आणि तिच्या बाबांचं. आणि पहिला भाग कधी लागतोय ते मला कळवा.